अकरा बसगाड्यांचा धूर

सोमवार, २ जून

पंचवीस टक्के! बोलून मोकळी झाले. आता माघार नाही.

शाळा सुरू झाली त्याच दिवशी विश्वस्तांची बैठक. अध्यक्ष भीमाचार्य चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, ‘‘शहरातल्या शाळा कार्बन कमी करायला लागल्यात. आपण काय करतोय?’’ सगळे टेबलाकडे बघायला लागले. क्षमाने माझ्याकडे पाहिलं. क्षमा म्हणजे आमची मुख्याध्यापिका आणि माझीच जुनी विद्यार्थिनी. दहावीत भिंगाचं सूत्र तिला कधी धड आलं नाही, पण माणसं बरोबर ओळखते. मी उठून म्हटलं, दिवाळीपर्यंत पंचवीस टक्के कमी करून दाखवते. भीमाचार्य म्हणाले, ‘‘दाखवा. बालदिनाला जाहीर करू.’’

मे महिन्यात मला साठ पूर्ण झाली. नियमाने घरी बसायला हवं. शाळेने सहा महिन्यांची मुदतवाढ दिली आहे ती या कामासाठी. काम जमलं तर आणखी दोन वर्षं नववी-दहावीचं भौतिकशास्त्र माझं. नाही जमलं तर निरोपाची शाल. मला शाल नको आहे. घरात चार आहेत आणि बंगळूरात थंडी उरली आहे कुठे?

खरं सांगायचं तर छत्तीस वर्षं फळ्यासमोर उभी आहे आणि मला तिथेच उभं राहायचं आहे. दुसरं काही येत नाही मला, आवडतही नाही.

बुधवार, ४ जून

काल सकाळी नववीतल्या आठ जणांची समिती केली. पुढारी हर्षिता. ही मुलगी शंका विचारताना हात वर करत नाही, सरळ उभीच राहते. तिला म्हटलं, आधी मोजायचं, मग बोलायचं.

तीन दिवसांचं काम पोरांनी दीड दिवसात केलं. विजेची बिलं, जनरेटरचं डिझेल, स्वयंपाकघरातले सिलिंडर, बसचं डिझेल — सगळ्याचे किलो काढले. शाळा रोज नऊशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते! त्यातला निम्मा एकट्या बसगाड्यांचा. अकरा बस. बाकी सगळी शाळा मिळून उरलेला निम्मा.

हर्षिता म्हणाली, ‘‘मॅडम, म्हणजे आपण शाळेत येतो हाच मोठा खर्च आहे.’’ मी म्हटलं, शाळा बंद करायचा विचार असेल तर आत्ताच सोडून दे.

सोमवार, ९ जून

सकाळी सहाला मागच्या मैदानावर गेले. कोणाला न सांगता.

अकराच्या अकरा बस जागेवर उभ्या, इंजिनं चालू, धुराने समोरचं जांभळाचं झाड दिसेना. ड्रायव्हर मंडळी चहा पिताहेत. घड्याळ लावलं. पंचवीस मिनिटं! मग एकेक हलली. दुपारी साडेतीनला पुन्हा गेले, पुन्हा तेच. सकाळी पंचवीस, दुपारी पंचवीस, अकरा बस.

देवाप्पाला गाठलं. तो मोठा ड्रायव्हर, बावीस वर्षं शाळेत, सात नंबरची बस त्याची. घरी आमच्यासारखीच भाषा — चारशे वर्षांपूर्वी आलेली मराठी, वर इथली कन्नड. माझ्याशी तो तसाच बोलतो. मी विचारलं, हे काय चाललंय देवाप्पा?

‘‘इंजिन गरम व्हायला पाहिजे की अक्का.’’

हे बंगळूर आहे, काश्मीर नाही, मी म्हटलं.

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. ‘‘गाळी निल्लत नाही, अक्का.’’

आमच्याकडे वाऱ्याला गाळी म्हणतात आणि निल्लणं म्हणजे थांबणं, उभं राहणं. वारा थांबत नाही! म्हणजे धूर काय, वाऱ्याबरोबर निघून जातो, कशाला काळजी करता — असं या माणसाचं शास्त्र. मला हसूच आलं. वाऱ्यावर सोडलं की झालं!

मंगळवार, १० जून

नुसत्या उभ्या बस रोज अठरा लीटर डिझेल पितात. म्हणजे पन्नास किलोला थोडा कमी धूर, एक पाऊलही पुढे न जाता!

सोमवार, १६ जून

आदेश निघाला. क्षमाची सही, मजकूर माझा. इंजिन सुरू केल्यापासून पाच मिनिटांत बस हलली पाहिजे. सकाळी पहारेकरी वेळ लिहील, दुपारी समितीची मुलं घड्याळ घेऊन उभी राहतील. जो पाचच्या वर जाईल त्याचं नाव फाटकाजवळच्या फलकावर, मोठ्या अक्षरात, आठवडाभर.

फलकाची कल्पनाही माझीच. माणसाला सगळं चालतं, पोरांसमोर नाव लागलेलं चालत नाही. छत्तीस वर्षांच्या नोकरीत हे एवढं नक्की कळलं आहे.

ड्रायव्हरना मैदानावर बोलावून वाचून दाखवलं. मुलंही होती. देवाप्पा पुढे आला आणि पुन्हा तेच! ‘‘अक्का, तुम्हाला सांगितलं होतं की मी. गाळी निल्लत नाही. स्वल्प ऐकून घ्या.’’

मी म्हटलं, ‘‘वारा थांबत नाही ना? म्हणूनच तुमचा धूर सगळ्या गावाच्या नाकात जातो!’’ पोरं खो खो हसली. हर्षिता तर टाळी वाजवून हसली.

देवाप्पाने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. ‘‘सरी,’’ म्हणाला. झालं, पटलं त्याला. मी वहीत लिहून टाकलं — चालक प्रमुख सहमत.

गुरुवार, ३ जुलै

कामाला वेग आलाय. जनरेटर पूर्वी वीज गेली की आपोआप सुरू व्हायचा आणि रिकाम्या सभागृहाचे बत्तीस पंखे फिरवत बसायचा. आता फक्त प्रयोगशाळा आणि पाण्याचा पंप. दुसऱ्या मजल्यावरचे जुने पंखे बदलले. पडदे उघडले तर आठ वर्गांना दिवसा दिवा लागतच नाही — पडदे कोणी आणि का लावले होते हे कोणालाच आठवत नाही!

स्वयंपाकघरात मात्र मलाच धडा मिळाला. मी गॅसबद्दल भाषण करायला गेले. गोजराबाई चाळीस वर्षं पाचशे पोरांचं सारू-भात रांधते आहे. तिने मला बोलू दिलं, मग म्हणाली, ‘‘डाळ रात्री भिजवायला मोठं पातेलं द्या म्हणून तीन वर्षं सांगते आहे. भिजली की अर्ध्या वेळात शिजते. पातेलं कुठे आहे?’’ दुसऱ्या दिवशी पातेलं आणून दिलं. आठवड्यात एक सिलिंडर वाचला. मी सगळ्यांना सांगत सुटले आहे, कामाच्या माणसाचं ऐकावं!

शुक्रवार, १८ जुलै

फलक महिनाभर कोरा. एकही नाव नाही!

गुरुवार, १४ ऑगस्ट

एकोणीस टक्के. हर्षिताने आकडा फळ्यावर लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या.

घरी रघुजींना सांगितलं. रघुजी म्हणजे आमचे हे. कारखान्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून सकाळी कन्नड आणि दुपारी मराठी शब्दकोडं. म्हणाले, ‘‘अगं, सहा टक्के राहिले ना? घरी बस, तुझ्या स्कूटरचा धूर वाचेल, पुरे होतील.’’ मी म्हटलं, घरी बसले तर तुमच्यावर इतकी वाफ सोडेन की वीस टक्के वाढेल.

मनातून मात्र फार बरं वाटतंय. परवा इंदिरानगरच्या एका मोठ्या शाळेतून दोन शिक्षक बघायला आले होते. त्यांनी विचारलं, ड्रायव्हर लोकांनी विरोध नाही केला? मी म्हटलं, आमच्या देवाप्पाने तर एका शब्दात मान्य केलं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

सव्वीसला अर्धा कमी! सुट्टीच्या आधीच! आता दिवाळीपर्यंत घसरू दिलं नाही की झालं. दोन वर्षं माझी.

उद्यापासून दसऱ्याची सुट्टी, म्हणून आयुधपूजा आजच केली. अकरा बस धुऊन पुसून, केळीचे खुंट बांधून, झेंडूत बुडालेल्या. पूजा झाली की चाकाखाली लिंबं ठेवतात, इंजिन सुरू करून ती चिरडत गाडी पुढे घेतात, कोहळा फोडतात. दरवर्षी या निमित्ताने तासभर इंजिनं धडधडायची. यंदा मी घड्याळ घेऊन उभी! अकरा बस, अकरा वेळा लिंबं, सगळं मिळून नऊ मिनिटांत आटोपलं. पुजारी मात्र रुसले.

देवाप्पाने प्रसाद दिला. हल्ली तो बोलतच नाही. सात नंबरच्या चाकापाशी जरा जास्तच वेळ हात जोडून उभा होता. मी म्हटलं, काय मागितलंत एवढं? तो नुसता हसला.

बुधवार, ८ ऑक्टोबर

शाळा सुरू. हजेरी, घसे, फळ्यावरची धूळ. बरं वाटलं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आत्ता घरी आले. पहिल्यापासून लिहिते.

चार वाजता फोन. सात नंबरची बस रेल्वे पुलाच्या उतारावर थांबली नाही. ब्रेक दाबला, लागला नाही. आत चौतीस मुलं. पुढे गाड्यांची रांग. देवाप्पाने गिअर खाली टाकत टाकत बस डाव्या बाजूला घेतली आणि कामासाठी टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्यात घातली. ढिगात अर्धी शिरून बस थांबली.

मी आणि क्षमा रिक्षाने पोचलो. मुलं रस्त्याच्या कडेला ओळीने बसलेली. मी मोजली. पुन्हा मोजली. चौतीस. एकालाही खरचटलं नव्हतं. देवाप्पाचं मनगट सुजलेलं, तोंडावर माती, आणि तोही मुलंच मोजत होता.

हर्षिता त्याच बसमध्ये होती. माझा हात धरून म्हणाली, ‘‘मॅडम, आज अंकलनी निघायला उशीर केला होता. मीच ओरडले, अंकल, चार मिनिटं चाळीस सेकंद झाली! नाव लागेल!’’ मी म्हटलं, तुझा काय संबंध बाळ. तिने हात सोडला नाही.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

देवाप्पाच्या घरी गेले. मनगटाला पट्टी बांधून ओसरीवर बसला होता. उठायला लागला, मी बसवलं. विचारलं, झालं काय नेमकं?

‘‘सांगितलं होतं की अक्का. गाळी निल्लत नाही.’’

आता या वेळी वारा कुठून आला?

मग त्याने चांगला हात पुढे केला, ब्रेकच्या पेडलवर पाय दाबल्यासारखा दाबला आणि ओठांतून आवाज काढला — सुस्सऽऽ.

मला कळलं. बसल्या जागी कान तापले. वारा नव्हे, हवा! ब्रेकची हवा! बसचा ब्रेक कोंडलेल्या हवेच्या दाबावर चालतो. इंजिन चालू असलं की टाकीत हवा भरते. तीन बसच्या पाइपांना बारीक भेगा आहेत. गाडी दोन तास उभी राहिली की हवा सगळी निघून जाते आणि पुन्हा पुरती भरायला वीस-पंचवीस मिनिटं इंजिन चालवावं लागतं. मैदान अरुंद, त्या तिन्ही बस पुढे उभ्या, म्हणून मागच्या आठही उगाच धुरकत थांबायच्या. हवा राहत नाही, अक्का. एवढंच सांगत होता तो. दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी चाळीस पोरांसमोर त्याला हसण्यावारी नेलं.

चारशे वर्षांची माझी घरची भाषा! गाळी म्हणजे वारा आणि गाळी म्हणजे चाकातली हवासुद्धा, हे मला ठाऊक नव्हतं? सायकलमध्ये गाळी भरून आण म्हणून मीच भावाला पिटाळत होते. आणि वर्गात दाबाचा धडा! दरवर्षी फुगा घेऊन शिकवते.

विचारलं, मग गेले चार महिने?

‘‘गिअरवर थांबवत होतो. हळू जायचो, पुढे जागा सोडायचो. बाकीचे दोघं तळ्याच्या कोपऱ्यावर जाऊन दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचे. मी नाही. मोठा ड्रायव्हर मी. मीच चोरून केलं तर त्यांनी काय शिकायचं? सुट्टीनंतर काल हवा फारच कमी होती. पोर ओरडली, नाव लागेल म्हणून. निघालो.’’

मी म्हटलं, मला पकडून, ओरडून का नाही सांगितलंत? तुम्ही तर सरी म्हणालात!

‘‘तुम्ही ऐकत नव्हता, म्हणून सरी म्हटलं.’’ रागाने नाही म्हणाला. बायकोला हाक मारून मला कॉफी द्यायला सांगितली. ती कॉफी प्यायले मी. कशी प्यायले कोण जाणे.

शनिवार, ११ ऑक्टोबर

कार्यालयात फाइल काढली. देवाप्पाच्या तक्रारीच्या दोन चिठ्ठ्या निघाल्या, दोन वर्षांपूर्वीची एक, मागच्या फेब्रुवारीतली एक. कन्नडमध्ये स्वच्छ लिहिलेलं, तिन्ही बसचे नंबर घालून. दोन्हींवर कोणीतरी लाल शाईने ‘पाहिले’ असा शेरा मारलेला. पाहिलं आणि ठेवून दिलं.

क्षमाने दार लावून घेतलं. विश्वस्तांचं ठरत आलंय — चालकाचा निष्काळजीपणा. देवाप्पाला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं आहे. ‘‘मॅडम, तुम्ही यात पडू नका. तुमचा आकडा झालाय, बालदिनाला सत्कार आहे. मुदतवाढीचा कागद तयार आहे. आदेशावर सही माझी आहे, मी बघते काय ते.’’

पोर माझ्यासाठी खोटं बोलायला तयार झाली. भिंगाचं सूत्र येत नसलं म्हणून काय झालं.

तिला म्हटलं, सही तुझी, पण अक्कल माझी होती.

सोमवार, १३ ऑक्टोबर

पत्र दिलं. भीमाचार्यांच्या हातात, कार्यालयाचा शिक्का मारून घेऊन.

लिहिलं ते असं — पाच मिनिटांचा नियम माझा, फलक माझा. देवाप्पाने मला दोनदा सावध केलं, मी चुकीचं ऐकलं आणि सगळ्यांसमोर त्याची चेष्टा केली. तक्रारीच्या दोन्ही चिठ्ठ्या सोबत जोडल्या आहेत. चौतीस मुलं सुखरूप आहेत ती देवाप्पामुळे. त्याच्यावर कारवाई होणार असेल तर आधी माझ्यावर व्हावी.

सकाळी निघण्याआधी रघुजींना वाचून दाखवलं. कोडं बाजूला ठेवून ऐकलं त्यांनी. म्हणाले, ‘‘मुदतवाढ गेली म्हणायची.’’ मी म्हटलं, हो. ‘‘मग मला दुपारच्या कोड्याला मदत होईल.’’ आणि उठून फाटकापर्यंत सोडायला आले. असं ते कधी येत नाहीत.

रडू आलं मला स्कूटरवर. दोन सिग्नल रडले. वर्ग सुटणार याचं रडू, दुसऱ्या कशाचं नाही. मग पुढच्या सिग्नलला तोंड पुसलं. जे करायला हवं होतं ते केलं होतं मी, त्याबद्दल मनात जरासुद्धा शंका नव्हती.

दुपारी फलक काढला. स्वतः स्टुलावर चढून, चारही खिळे उपसून.

बुधवार, १५ ऑक्टोबर

भीमाचार्यांनी बोलावलं. मी तयारीने गेले होते. भांडायच्या.

भांडणच झालं नाही! पत्र समोर होतं. म्हणाले, ‘‘प्रामाणिकपणा आवडला मला. पोरांच्या जिवाशी संबंध आहे, बसचा प्रश्न मी मुळापासून सोडवतो. तुम्ही कार्बनचं काम पुरं करा.’’ देवाप्पाबद्दल विचारलं. ‘‘त्याची चूक नाही हे मान्य आहे. घ्या परत.’’

घ्या परत! दोन शब्द. जिना उतरताना दोन-दोन पायऱ्या सोडत होते मी, साठाव्या वर्षी. शिपाई घाबरून बाजूला झाला.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

दिवाळी आटोपली. सुट्टीत तिन्ही बसचे पाइप बदलून घेतले. देवाप्पा आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन आला आणि मनगट दुखत असताना दोन दिवस गाडीखाली झोपून होता. मी वर उभी राहून बॅटरी धरली. पाइपला साबणाचं पाणी लावायचं, जिथे बुडबुडा येईल तिथे भेग. इतका सुंदर प्रयोग मी छत्तीस वर्षांत मुलांना दाखवला नाही!

सात नंबर सुरू केली. हवेच्या दाबाचा काटा लाल पट्ट्यातून चढायला लागला. घड्याळ माझ्याच हातात. चार मिनिटं दहा सेकंदांत हिरव्यात! बंद केली, जेवून आलो, दोन तासांनी पाहिलं, काटा जाग्यावर.

देवाप्पा म्हणाला, ‘‘आता निल्लते.’’

म्हणजे हे जूनमध्येच झालं असतं. त्याचं ऐकलं असतं तर धूरही गेला असता आणि धोकाही. पोरांसमोर एक चुरचुरीत वाक्य बोलायच्या नादात चार महिने चौतीस पोरं गिअरवर थांबवली मी. हे मी कुठे सांगणार नाही असं नाही, सांगणार आहे. बालदिनाला आकड्याच्या आधी हेच सांगणार.

सोमवार, २७ ऑक्टोबर

देवाप्पा कामावर आला. मी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर त्याची माफी मागितली. कन्नडमध्ये, म्हणजे सगळ्यांना कळेल. तो इतका अवघडला की बसच्या मागे जाऊन उभा राहिला. हर्षिता गेली त्याला आणायला. दोघं बराच वेळ आलेच नाहीत. नंतर कळलं, ती त्याला सॉरी म्हणत होती आणि तो तिला काटा कसा वाचायचा ते दाखवत होता.

हर्षिताने नवा आकडा काढला. पंचवीस पूर्णांक आठ. या वेळी घड्याळ नाही, फलक नाही, ड्रायव्हर मंडळी आपणहून वेळ लिहितात. तिने विचारलं, ‘‘मॅडम, हा आकडा खरा ना?’’ मी म्हटलं, यातला प्रत्येक किलो मी शपथेवर सांगेन.

नववीला उद्या दाबाचा धडा घेते आहे. मागच्या मैदानावर, सात नंबरपाशी. देवाप्पाला विचारलं, शिकवाल का? म्हणाला, ‘‘मी बोलतो, तुम्ही स्वल्प गप्प बसा अक्का.’’

बसेन!

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

मुदतवाढीचं पत्र आलं. दोन वर्षं. वर अभिनंदन — शाळेचा कार्बन एकाहत्तर टक्क्यांनी घटला. एकाहत्तर? तीनदा वाचलं. सोमवारपासून अकराही बस कंत्राटदाराच्या — भीमाचार्यांनी बसचा प्रश्न मुळापासून सोडवला तो असा. त्याच बस, तेच रस्ते, तेच डिझेल. पण शाळेच्या नावावर नाहीत, म्हणून त्यांचा धूर शाळेचा नाही. ड्रायव्हर तो आपले आणणार आहे. देवाप्पासकट सगळ्यांची आज शेवटची फेरी.

पत्रावर ‘मुदतवाढ नको’ असं लिहिलं, तारीख घातली, क्षमाच्या हातात दिलं. मग मागच्या मैदानावर गेले. अकराही ड्रायव्हर तिथे होते.